जैसलमेरचा एक दिवस आणि अठ्ठावीस माणसं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या भजनी मंडळाचे २८ जण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राजस्थानला निघालेत, त्यातले १७ साठीच्या पुढचे. जैसलमेरला दोन रात्री मुक्काम. मधल्या दिवसात एजंटनं किल्ल्यातली जैन मंदिरं, लोद्रवा, तनोट, लोंगेवाला, कुलधरा आणि संध्याकाळी समची वाळू असं सगळं बसवून दिलंय. हे होईल का, आणि होत नसेल तर काय गाळायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत संत्री न्यावी का, हेही आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी नागपुरातल्याच महाल भागातून गेली बावीस वर्षं ग्रुप घेऊन फिरतोय. राजस्थान बहुतेक दर हिवाळ्यात होतं. त्या अनुभवावरून सांगतो, कागदावर हा दिवस होतो, बसमध्ये होत नाही. आणि अडचण किलोमीटरची नाही. एजंटनं किलोमीटर बरोबर मोजलेत, फक्त माणसं उतरायला लागणारा वेळ मोजला नाही.

२८ माणसांची बस थांबली की नेमकं काय होतं, ते बघा. दार उघडतं. पुढच्या सीटवरच्या आजी आधी चपला शोधतात, एक सापडते, दुसरी ब्रेक लागला तेव्हा घरंगळत मागे गेलेली असते. त्यांच्यामागे काका वरच्या रॅकवरून पिशवी काढायला उभे राहतात, म्हणजे रस्ता बंद. पायरी उंच, त्यामुळे गुडघेवाले एकेक करून, दांडी धरून, आडवं पाऊल टाकत उतरतात. सगळे खाली आले की कोणाला तरी आठवतं, "अगं बाई, चष्मा सीटवरच राहिला." परत चढताना हेच सगळं, वर डोकी मोजणं आणि बाथरूमला गेलेल्या दोघांची वाट बघणं. उतरायला आठ-दहा मिनिटं, चढायला दहा-बारा. एका थांब्यामागे वीस मिनिटं नुसती दारात जातात. ही माझी सरासरी तरुण ग्रुपलाही फारशी बदलत नाही. त्यांची वीस मिनिटं फोटोत जातात, एवढंच.

आता तुमच्या दिवसाला हे लावा. सहा ठिकाणं, एक चहा, एक जेवण, म्हणजे आठ थांबे. आठ वेळा वीस मिनिटं म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. जैसलमेर ते तनोट साधारण १२० किलोमीटर. लोंगेवाला, रामगड करत परत आलात की तेवढीच फेरी २७० च्या घरात जाते. त्यात लोद्रवा, कुलधरा आणि सम धरलं की साडेतीनशेच्या आसपास. तिकडचे रस्ते आपल्याकडच्यांपेक्षा बरे आहेत, पण उंट, मेंढ्या आणि गाई धरून सरासरी ताशी ५० च्या वर मी धरत नाही. म्हणजे सात तास गाडीत. डिसेंबरात तिकडे सूर्य सातच्या पुढे, जवळजवळ साडेसातला उगवतो, आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा, आणि सहाला पाच-दहा कमी असताना मावळतो. उजेड साडेदहा तास. त्यातून नऊ तास चाळीस मिनिटं वजा करा. उरली पन्नास मिनिटं, सहा ठिकाणांसाठी. प्रत्येक देवाला आठ मिनिटं. जेवण कधी करायचं ते वेगळंच.

म्हणून तुमचा खरा प्रश्न 'काय गाळायचं' हा नाहीच. दोन वेगवेगळे दिवस एकात कोंबलेत, त्यातला कोणता तुमचा, हे ठरवायचंय. एक दिवस पश्चिमेचा: लोद्रवा, कुलधरा, सम. जुनी मंदिरं, ओसाड गाव, वाळू. दुसरा सीमेचा: तनोट आणि लोंगेवाला. यांची गाठ मारायला जाऊ नका.

आधी एक फुकटचा फायदा सांगतो. तुम्ही 'मधला एक दिवस' म्हणताय, पण तिसऱ्या दिवशी जोधपूरला निघायची वेळ दुपारी दोनची लिहिलीय. ती सकाळ कोणी मोजलीच नाही. किल्ला तिथे टाका. किल्ल्यातली जैन मंदिरं बाहेरच्या लोकांना तशीही सकाळच्याच वेळात बघू देतात, दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात. वेळा बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून खात्री करा. रावळ जैसलनं ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही वस्तीचा आहे. आत लोक राहतात, कपडे वाळत घालतात, दुकानं चालवतात. मोठी बस खालीच थांबते. चढ दगडी आणि पायांनी झिजवून गुळगुळीत झालेला, म्हणून गुडघेवाल्यांना वरच्या चौकापर्यंत रिक्षा करून द्या. त्यात कंजुषी करू नका. वर पिवळ्या दगडाची जैन मंदिरं एकमेकांना लागून आहेत आणि तिथल्या ज्ञानभांडारात अकराव्या शतकापासूनच्या ताडपत्री पोथ्या जपल्यात. मंडळात कोणी पोथ्या वाचणारं असेल तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते खरेदीच्या गल्लीत अडकतील.

आता मधला दिवस. इथे मला ठामपणे सांगता येणार नाही, कारण ते तुमच्या माणसांवर आहे. मी प्रत्येक ग्रुपला निघायच्या आधी एक चिठ्ठी देतो. त्यात एकच प्रश्न: यातलं एकच ठिकाण बघायला मिळालं तर कोणतं? नाव लिहायचं नाही. मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे मोठ्या आवाजाच्या माणसामागे जातात. एका ग्रुपमध्ये अध्यक्षांनी सीमा बघायचीच असं ठरवून टाकलं होतं. चिठ्ठ्या उघडल्या तर बायकांनी जवळपास एकमतानं वाळू लिहिली होती. अध्यक्ष म्हणाले, "वाळू काय, कन्हान नदीत नाही का?" पण गेले वाळूवरच, आणि सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच निघाले.

चिठ्ठ्यांत तनोट आलं तर तो दिवस पूर्ण त्यालाच द्या आणि सम सोडा. सकाळी साडेसातला निघायचं, रामगडला चहा आणि बाथरूम, तिथून तनोट. तनोट मातेला आवड माता म्हणतात, बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेचं रूप मानतात. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, ही तिथली श्रद्धा. न फुटलेले गोळे देवळातच मांडून ठेवलेत. देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं, आरतीला जवानच उभे असतात. नवस म्हणून लोक रुमाल बांधतात, तेव्हा एक स्वच्छ रुमाल जवळ असू द्या. वास्तू म्हणून हे प्राचीन नाही, तिथली ओढ वेगळी आहे. पुढे लोंगेवाल्याला १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री पंजाब रेजिमेंटच्या सुमारे १२० जणांनी मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली पाकिस्तानी रणगाडे सकाळपर्यंत रोखून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. तुम्ही त्याच महिन्यात जाताय, हे मंडळाला सांगा. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, मोबाइलमधला फोटो पुरेल या भरवशावर राहू नका. आणि प्रत्यक्ष सीमेच्या खांबापर्यंत जायला वेगळी परवानगी लागते. ड्रायव्हर 'करवून देतो' म्हणाला तरी आदल्या दिवशी अधिकृतपणे घेतलेली नसेल तर तो विषय तिथेच सोडा. वाळूची हौस परतीच्या रस्त्यावर भागते, टेकड्या रस्त्याला लागूनच आहेत. उजेडात जैसलमेरला पोचा.

पण मला विचाराल तर, भजनी मंडळ आहे, १७ जण साठीपुढचे आहेत, मी पश्चिमेचा दिवस घेईन. त्याचं कारण किलोमीटर. सगळं मिळून दीडशेच्या आत बसतं आणि दुपारी हॉटेलात येऊन आडवं होता येतं. वयस्कर ग्रुपचा दिवस दुपारच्या दोन तासांवर ठरतो. ती झोप मिळाली तर संध्याकाळी सातलाही आजी हसत असतात. नाही मिळाली तर चारलाच 'मी बसमध्येच बसते, तुम्ही जाऊन या' सुरू होतं, आणि एकदा एकानं ते म्हटलं की पाच जण म्हणतात.

सव्वाआठला निघा. लोद्रवा शहरापासून सोळाएक किलोमीटर. जैसलमेर वसायच्या आधी भाटी राजांची राजधानी इथे होती. आता गाव म्हणावं असं फारसं काही नाही आणि मध्येच पार्श्वनाथाचं देऊळ उभं आहे. जुनं देऊळ हल्ल्यांत गेलं, आजचं सतराव्या शतकात थाहरू शाह या व्यापाऱ्यानं पुन्हा उभारलं. समोरचं तोरण बघताना घाई करू नका. दोन खांब, वर कमान, आणि त्यात दगड आहे की लाकूड असा प्रश्न पडावा इतकं कोरीव काम. आत काळ्या दगडातले सहस्रफणा पार्श्वनाथ, बाहेर कल्पवृक्षाची प्रतिकृती. मी लोकांना भिंतीतल्या जाळ्यांपाशी नेतो आणि एका जाळीच्या भोकाला बोट लावून बघा म्हणतो. करंगळी जाईल न जाईल एवढं छिद्र, पण आतल्या कडा गोलसर घासलेल्या. जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही कारागिरानं धार ठेवली नाही. एका निवृत्त सुतारकाकांनी तिथे दहा मिनिटं काढली होती. मग मला म्हणाले, "एक भोक चुकलं तर पूर्ण पाटा फेका लागते, भाऊ." त्यानंतर ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

जैन देवळाचे नियम बसमध्येच सांगा, दारात नाही. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही. खायचं-प्यायचं काही नाही. मासिक पाळीबद्दलची पाटी तिथे असते. तिच्यावर वाद घालायचा की बाहेर बसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ती पाटी अचानक समोर येऊ नये. चामड्याचं मी असं करतो: दोन मोठ्या कापडी पिशव्या, सगळ्यांचे पट्टे-पाकिटं त्यात, आणि एक माणूस बसपाशी. आपल्याकडे पट्टा काढला की पॅन्ट सावरत फिरणारे दोन-तीन जण प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात. त्यांना त्या दिवशी नाडीचा पायजमा घालायला सांगा.

देवळापासून थोडं बाजूला काक नदीचं कोरडं पात्र आणि मूमलच्या मेडीचे, म्हणजे माडीचे, म्हणतात ते अवशेष आहेत. मूमल आणि महेंद्र ही तिकडची प्रेमकथा. महेंद्र रोज रात्री उंटावरून अमरकोटहून येई, आणि एका गैरसमजानं सगळं संपलं. बघायला दगडच आहेत, पण गोष्ट सांगणारा गाइड असेल तर थांबा. परतीच्या वाटेवर अमरसागर, तलावाकाठचं आणखी एक जैन मंदिर. पाय थकले असतील तर खुशाल गाळा. पावणेबारापर्यंत हॉटेल, जेवण, झोप.

पावणेतीनला पुन्हा बस. कुलधरा. एजंट तिथे भुताची गोष्ट सांगेल. पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावं एका रात्रीत उठून गेली, दिवाण सालिमसिंगाची नजर गावातल्या मुलीवर होती, जाताना त्यांनी शाप दिला. गोष्ट ऐकायला चांगली आहे. पाणी आटत जाणं, वाढलेले कर, काही अभ्यासकांच्या मते भूकंप, ही कारणंही सांगितली जातात. मला स्वतःला भुतापेक्षा पालीवालांची खडीन जास्त आवडते, आणि विदर्भातल्या माणसाला ती चटकन कळते. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. भंडारा-गोंदियाकडचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव डोळ्यांपुढे आणा. कोहळी समाजानं तिकडे हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस अडवला, यांनी दोनशेच्या आतला. एवढ्या पावसात गहू पिकवणारी माणसं उठून गेली, हे मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त लागतं. पाऊण तास पुरे. सावली जवळजवळ नाही, पडक्या भिंतींवर चढू देऊ नका.

साडेचारला सम. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. आजूबाजूचा भाग मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाचा, तिकडच्या गोडावणाचं घर. गोडावण म्हणजे आपला माळढोक, वरोऱ्याकडे एकेकाळी दिसायचा तोच. तो दिसेल अशी आशा कोणाला लावू नका.

उंटाबद्दल नीट सांगतो, कारण इथेच माणसं पडतात. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो, उंटाच्या मानेवर जाईल इतका. मग पुढचे पाय उठतात आणि माणूस मागे येतो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, पुन्हा पुढे धक्का. म्हणून उठताना आणि बसताना, दोन्ही वेळा खोगिराची दांडी दोन्ही हातांनी धरून अंग मागे टाकायचं. हे खाली उभ्या उभ्या एकदा करवून घ्या. पाठीचं दुखणं, मणक्याचं ऑपरेशन, नुकतंच बदललेलं गुडघं असेल त्यांना उंटगाडी. ती जमिनीलगत असते, चौघं-पाच जण मांडी घालून बसतात आणि गप्पाही होतात. भाडं, अंतर आणि परत आणून सोडणं हे तिन्ही चढायच्या आधी बोला. 'आगे और अच्छा पॉइंट है' हे वाक्य अर्ध्या वाटेवर येतंच.

एक चूक माझी स्वतःची, तुम्ही करू नका. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत समच्या अलीकडे सगळ्यांना मोकळी टेकडी दाखवायची म्हणून मीच ड्रायव्हरला डांबरावरून जरा बाजूला घ्यायला सांगितलं. तो नको म्हणत होता. जमीन कडक दिसत होती, वर वाळलेल्या गवताची खुंटं होती. पुढची चाकं गेली, मागची दोन हात पुढे जाऊन रुतली. त्यानं ॲक्सिलरेटर दिला आणि चाक जागच्या जागी फिरत अर्धं आत गेलं. बाजूच्या ढाणीतली, म्हणजे वस्तीतली, पोरं आली. त्यांनी आधी आमच्या माणसांना दूर बसवलं, मग हातांनी चाकापुढची वाळू काढली, रुईच्या आणि खेजडीच्या फांद्या घातल्या, टायरची हवा कमी केली. गाडी निघाली, पण तोवर सूर्य गेला होता. ज्यासाठी लोक नागपूरहून आले, ते त्यांनी रस्त्याच्या कडेला पाठमोरं बसून चुकवलं. तेव्हापासून डांबर सोडायचं असेल तर स्थानिक जीप, आपली बस कधीच नाही.

सूर्यास्तानंतरची थंडी आपल्या लोकांना कळत नाही. निघायच्या आधी हमखास ऐकू येतं, "आपण ४७ डिग्रीवाले, आपल्याला वाळवंटाचं काय सांगता!" आणि "कायची थंडी बाप्पा, वाळवंट आहे ना थे!" हवा कोरडी, आकाश मोकळं, वाळू उष्णता धरून ठेवत नाही. दुपारी पंचवीसच्या आसपास असलेलं तापमान रात्री सात-आठवर उतरतं. साडेपाचला अर्ध्या बाह्यांत फोटो काढणारे काका सातला काकूंच्या शालीत असतात. कानटोपी आणि स्वेटर बसच्या वरच्या रॅकवर नाही, हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. रॅकवरचं कोणी काढत नाही.

कॅम्पवर जेवण आणि कार्यक्रम असतो. बऱ्याच ठिकाणी आता मोठ्या स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजतात. तुमचं भजनी मंडळ आहे, तेव्हा आधीच सांगून मांगणियार गायक मागवा आणि माइक बंद ठेवायची अट घाला. हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांकडे गात आले आहेत, मीरेची आणि कृष्णाची पदं त्यांच्या तोंडी असतात. कमायचा हे त्यांचं गजानं वाजवायचं वाद्य, खाली कातडं मढवलेला गोल भोपळ्यासारखा भाग. खरताल म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, दोन-दोन एकेका हातात. आपल्या चिपळ्या आठवतील, पण ज्या वेगानं ते वाजवतात तो बघून तुमचे टाळकरी गप्प होतील. एका ग्रुपमध्ये मग आमच्या काकांनी 'सुंदर ते ध्यान' सुरू केलं आणि खरतालवाल्यानं दोन ओळींत ठेका पकडला. त्या रात्री मी साडेआठला बस काढायचं ठरवलं होतं. दहा वाजले, आणि मी काही बोललो नाही.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. वाळवंटात पाण्याचा प्रश्न हा मुळात बाथरूमचा प्रश्न आहे. बाटल्या कितीही न्या, बायका पाणी पीत नाहीत, कारण मध्ये कुठे जायचं याची खात्री नसते. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. डिसेंबरात ऊन नाही लागत, पाणी कमी पडतं. थंडीमुळे तहान जाणवत नाही, कोरड्या हवेत घाम दिसत नाही. उपाय सोपा आहे: सकाळी निघताना पुढचं स्वच्छ बाथरूम कुठे आणि किती वाजता, हे मोठ्यानं सांगायचं. 'लोद्रव्याला पावणेनऊला, मग थेट हॉटेलात पावणेबाराला.' एवढं कळलं की त्या आपोआप पितात. तनोटचा दिवस घेतलात तर हे जास्तच जपा, रामगडनंतर सोय विरळ आहे. ओआरएसची पाकिटं ठेवा, पण पूर्ण पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठं असेल तर एक लिटरमध्ये, ग्लासात अर्धं टाकून नाही. ज्यांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे किंवा डायबेटिस आहे, त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गोळीची वेळ प्रवासात बदलायची का, हे मी सांगू शकत नाही आणि ग्रुपमधल्या जावयानंही सांगू नये.

माणसं मोजायची माझी पद्धत घ्या. चौघांची एक चौकडी, अशा सात. प्रत्येकीचा एक म्होरक्या, आणि नवरा-बायको शक्यतो एकाच चौकडीत नको. दोघं मिळून हरवतात. बस निघताना मी २८ डोकी मोजत नाही, सात आवाज ऐकतो. वीस मिनिटांची पंधरा होतात.

एजंटला हे सांगा: पहिली रात्र पोचून आराम, मधला दिवस लोद्रवा-कुलधरा-सम किंवा तनोट-लोंगेवाला, दोन्हींपैकी एकच, तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. 'दोन्ही करून देतो' म्हणाला तर त्याला थांबे लिहून प्रत्येकासमोर वेळ टाकायला सांगा. पहाटे पाचला निघू म्हणाला तर विचारा, अंधारात साठीपुढचे १७ जण त्या पायरीवरून कोण उतरवणार.

राहिली संत्री. डिसेंबरात आंबिया बहाराची मिळतात, जरूर न्या. वाळूत तोंड कोरडं पडलं की फोड चघळण्यासारखं दुसरं काही नाही, आणि पाणी न पिणाऱ्या काकूही संत्री नाही म्हणत नाहीत. घट्ट सालीची, जरा हिरवट घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. रेल्वेच्या दोन रात्रींत पिशवीतली खालच्या थरातली पाणी सोडतात. माणशी रोज दोन धरा. लोद्रव्याला बसमध्येच ठेवा, समला काढा. उंटवाल्यांनाही द्या. माझा एक ठरलेला उंटवाला आहे, तो आधी भाव सांगत नाही, आधी विचारतो, "नागपूर से आए हो तो संतरा लाए हो?"